टाका नसलेलं ऑपरेशन

"देवीला बोलायचं असतं, तेव्हा ती माणसाच्या रक्ताला वाचा देते," असं देवळाचे म्हातारे पुजारी सिद्धय्या अज्जांनी जाहीर केलं आणि लागोपाठ तीनदा शिंकले. अंगाऱ्याची राख त्यांच्याच नाकात गेली होती.

द्यामव्वा देवीच्या देवळापुढे गाव लोटलं होतं. मधोमध मुदकप्पा घुमत होता. ढोल वाजला की त्याच्या नाकातून रक्त येई, बायका पदराचं टोक त्यात भिजवून कपाळाला लावत. मग अज्जा त्याची मान मागे टाकून, नाक चिमटीत धरून राख चोळत. रक्त थांबे. पुन्हा ढोल, पुन्हा रक्त.

त्याची बायको कल्लव्वा खांबाला धरून उभी होती. महिन्यापूर्वी हुबळीला त्याच्या मेंदूखालच्या ग्रंथीतली गाठ नाकावाटे काढली होती. "ग्रंथीच्या दोन्ही अंगांना मोठ्या रक्तवाहिन्या असतात. एकीला इजा झाली, ती आम्ही थांबवली आहे," तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "पण घरी नाकातून थेंब जरी आला, तरी भरल्या ताटावरून उठून या."

पहिला थेंब दिसताच ती उठलीही होती. वाटेत अज्जा आडवे आले.

"ऑपरेशन झालं म्हणतेस पोरी, मग टाका कुठाय?"

टाका नव्हताच. या गावात आजाऱ्याला भेटायला येणारे आधी टाका बघतात, मग तब्येत विचारतात. टाका नाही म्हणजे ऑपरेशन नाही. म्हणजे गाठ देवीनेच काढली, आणि आता ती आपलं देणं मागतेय. अख्ख्या गावाचं एकमत झालं. कल्लव्वाचं झालं नव्हतं. तिने गुपचूप सरकारी दवाखान्यात निरोप धाडला होता.

डॉक्टर नागरत्ना गर्दीतून आत शिरल्या.

"अक्का, चपला बाहेर," कोणीतरी म्हणालं.

"बाहेरच आहेत. एव्हाना कुणी नेल्याही असतील."

त्यांनी मुदकप्पाला तोंड उघडायला लावून आत बॅटरी मारली. "कल्लव्वा, बघ. अज्जा, तुम्हीही बघा."

घशाच्या मागून रक्ताची धार उतरत होती.

"नाक दाबून मान मागे टाकली, की रक्त पुढून दिसत नाही, इतकंच. तो ते गिळतोय." त्यांनी त्याची मान पुढे झुकवली. राखेसकट रक्त टपटपलं.

"राख कमी पडली," अज्जा म्हणाले.

"सायकलची ट्यूब घासल्या जागी फुगते ना, तशी आतली रक्तवाहिनी फुगली असणार. आधी झिरपते, मग फुटते. तुम्ही त्याला घुमवता, तसा दाब वाढतो. फुटली तर कुणाच्या चिमटीत मावायची नाही. आत्ताच्या आत्ता हुबळीला न्यायला हवं."

"देवी अंगात असताना माणूस हलवतेस?" गावचा पुढारी गौडा गुरगुरला. "पाप लागेल, कल्लव्वा."

कल्लव्वाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि तो पुन्हा काहीतरी गिळत होता.

"देवी आहे तर येईल की मागून," ती म्हणाली. "दवाखान्याचा पत्ता तिला कुणी सांगायला नको."

गाडीत दोनदा रक्त आलं. दुसऱ्यांदा कल्लव्वाचं लुगडं भिजलं. ते कपाळाला लावायला कुणी नव्हतं. हुबळीला मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेऊन डॉक्टरांनी तो फुगा आतून बंद केला. मुदकप्पा जगला. डावा हात मात्र अजून सांगितलेलं उशिरा ऐकतो.

पुढे एका मंगळवारी देवळापुढेच नागरत्ना म्हणाल्या, "देवीला हात जोडा, माझी हरकत नाही. पण रक्त आलं, तर ते कुठून येतंय एवढं आधी विचारा. विचारलं म्हणून देवी रागावत नाही. रागावतो तो ज्याचं पोट त्यावर चालतं."

गर्दी पांगली. मुदकप्पाला धरून कल्लव्वाही निघाली, तर खांबाआड अज्जा दिसले. इकडेतिकडे बघत ते डॉक्टरांजवळ गेले आणि कुणी न सांगता मान पुढे झुकवून बसले.

"बाई, त्या राखेनं माझ्याही नाकातून रोज सकाळी रक्त येतं," ते हळूच म्हणाले. "जरा ती बॅटरी मारून बघता का?"