चाळीस डोकी

एटापल्लीच्या पुढं बैलगाडीत दोन दिवस हिसके खाल्ले आणि नीलाबाईंचं दूध आटलं. सहा महिन्यांचं बाळ रडून रडून थकलं, तेव्हा बुधरी नावाची माडिया आदिवासी बाई काही न विचारता पुढं आली आणि तिनं त्याला आपल्या लेकीच्या जोडीनं अंगावर पाजायला घेतलं. नागपूरहून आलेली बी.ए.ची पोरं लाजून झाडांकडं बघत राहिली.

त्याच पोरांना नीलाबाई वर्षभर शिकवत होत्या, कवटीची लांबी-रुंदी, नाकाची रुंदी, आणि त्यावरून माणसाचा वंश. नोकरी तात्पुरती होती. पन्नास डोक्यांची मापं आणा, मग कायम करायचं बघू, असं विभागप्रमुखांनी सांगितलं होतं. वर, पितं मूल घेऊन रानात कशाला जाता, हेही ऐकवलं होतं.

येताना सडकेकडच्या गावांत फॉरेस्टच्या गार्डानं दरडावून माणसं रांगेत बसवली होती. चाळीस डोकी झाली. इथं, बुधरीच्या गावात, गार्ड नव्हता. डोकं मापायचा लोखंडी चिमटा आणि टेप बाहेर निघाला तशी माणसं उठून गेली. पोचू म्हाताऱ्यानं तेवढं सांगितलं, की आमच्यात माणूस मेला म्हणजे बांबूच्या कामटीनं त्याचं माप घेतात, खड्डा खणायला. जित्याला कोणी मापत नाही.

तीन दिवस नीलाबाईंनी समजावलं. यात काही दुखत नाही, होत नाही, ही नुसती विद्या आहे. पोरं वहीत उतरवून घेत होती. शेवटी सगळ्यांच्या नजरा बुधरीकडं लागल्या. ती बसली असती तर बाकीचेही बसले असते. बुधरी दोन्ही लेकरं मांडीवर घेऊन बसली होती.

"काही होत नाई ना, बाई?"

"काही नाही."

"मंग आधी तुया पोराले लाव."

नीलाबाईंनी चिमटा उघडला. बाळाची टाळू अजून भरली नव्हती, कातडीखाली ठोका दिसत होता. वर्षभर वर्गात फिरवलेलं ते लोखंड टाळूपासून वीतभर अंतरावर थांबलं, आणि हात काही केल्या पुढं जाईना.

"झोपलाय तो," त्या म्हणाल्या.

बुधरीनं आपल्या लेकीकडं बघितलं. "माही बी झोपलीच हाय."

ती रागावली नाही. लेकीला घेऊन उठली, बाळ नीलाबाईंच्या ओटीत दिलं. दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली तेव्हा मात्र पुन्हा आली, बाळाला पोटभर पाजलं आणि गेली.

परतीच्या वाटेवर, त्याच दुधानं शांत झोपलेलं मूल मांडीवर घेऊन, नीलाबाईंनी वही उघडली. चाळिसांच्या सरासरीच्या थोडं इकडं तिकडं करत उरलेली दहा डोकी मनानं लिहिली. पोरांनी तीही आपापल्या वहीत उतरवून घेतली. शेऱ्याच्या रकान्यात देवाजी नावाच्या हुशार विद्यार्थ्यानं लिहिलं, 'जमात भित्री व असहकारी'. नीलाबाईंनी खाली सही केली.

पुढच्या वर्षी, कायम झाल्यावर, तीच पन्नास डोकी त्यांनी फळ्यावर मांडली. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, माप घेताना ती माणसं घाबरत नाहीत?"

"घाबरतात," नीलाबाई म्हणाल्या. "अडाणी आहेत."

आणि फळ्याकडं वळून त्यांनी एक्केचाळिसावा आकडा पुन्हा गिरवला.