वीस मिलिओहम

मी एक ट्रान्झिस्टर. जळून काळा पडलेला, एक पाय तुटलेला. माझ्यामुळे एक माणूस गेला असं कागदोपत्री लिहिलंय. तेव्हा माझंही म्हणणं एकदा ऐका.

माझं काम साधं. वीज जाऊ द्यायची, नाहीतर अडवायची. जाऊ देतानाही माझ्यात थोडा अडथळा उरतोच. त्याला ऑन-रेझिस्टन्स म्हणतात. माझ्या गेटला, म्हणजे मला उघडणाऱ्या पायाला, दहा व्होल्ट दिले तर मी सताड उघडतो आणि हा अडथळा वीस मिलिओहमवर येतो. पाचच दिले तर अर्धवट उघडतो, अडथळा चौपट होतो, आणि मी तापतो. तापलो की तो आणखी वाढतो. यात गुपित काही नाही. माझ्या माहितीपत्रकात सगळं लिहिलंय. फक्त वीसचा आकडा पहिल्या पानावर ठळक आहे, बाकीचं आतल्या आलेखात.

लालबागच्या एका गाळ्यात घरी पडून असलेल्या रुग्णांसाठी घशातला कफ ओढून काढायची यंत्रं बनत. त्यांच्या सर्किटचं काम मायाकडे होतं. नायगावच्या चाळीतली मुलगी, नोकरीत कायम व्हायला पंधरा दिवस उरलेली. बोर्ड बांधण्याआधी सर्किट कंप्युटरवर चालवून बघायचं, त्याला सिम्युलेशन म्हणतात. तिथे तिच्या साहेबांनी, अमितसरांनी, यंत्राची मोटर चालवणाऱ्या माझ्या जागी नुसता एक स्विच टाकला होता. वीस मिलिओहमचा. तो कधी तापतच नव्हता.

मायाने तो काढून माझं खरं मॉडेल घातलं. आकडा ऐंशीच्या वर गेला.

"सर, वीस हा आकडा दहा व्होल्टचा आहे. आपल्या बोर्डावर गेटला पाचच मिळतात. मोटर अडली तर हा जळेल."

"टेस्टिंगमध्ये जळला काय?"

"टेस्ट दोन मिनिटांची होती, सर. तीही एसीच्या गारव्यात."

"मग झालं तर! अगं, माल उद्या निघतोय. जुनंच सिम्युलेशन लाव रिपोर्टला आणि सही करून टाक."

मी तिच्यासमोर टेबलावरच होतो. तिने जुनं सिम्युलेशन रिपोर्टला जोडलं. मग तिने सही केली.

एका यंत्रात बसून मी गिरगावात कायतान नावाच्या म्हाताऱ्याच्या घरी गेलो. लकव्याने अंथरुणाला खिळलेला माणूस. त्याची बायको डोरिस दिवसातून सहा-सात वेळा यंत्र लावायची. दरवेळी मी तापायचो, पण वेळ थोडा, म्हणून निभावून जायचो.

मे महिन्यातल्या एका दुपारी इमारतीची वीज गेली. पंखे बंद, खोलीची भट्टी झालेली. डोरिसने यंत्र बॅटरीवर लावलं. कफ घट्ट होता, मोटर अडत होती. दोन मिनिटं झाली, पाच झाली. सोसवेल तेवढं मी सोसलं आणि फुटलो.

"थांब रे कायतान, आत्ता होतं चालू," असं म्हणत डोरिस बटण दाबत राहिली. अँब्युलन्स आली तेव्हा कायतान गेला होता.

कंपनीने अहवाल लिहिला: ट्रान्झिस्टर सदोष. तोवर माया नोकरीत कायमही झाली होती.

परत आलेल्या यंत्रातून तिनेच मला काढलं आणि रुमालात गुंडाळून गिरगावात नेलं.

"आंटी, हा खराब नव्हता. आम्ही तो चुकीचा वापरला. मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं? मग?"

"तरी मी सही केली. नोकरी जाईल म्हणून."

चहाला उठलेली डोरिस परत खाली बसली. तिने ना शिवी दिली, ना मायाच्या पाठीवर हात ठेवला.

"अशी आणखी किती यंत्रं दिलीत तुम्ही?"

"एकोणचाळीस."

"नंबर आहेत?"

मायाने होकारार्थी मान हलवली.

"मग रडतेस काय गो? काढ ते. मी फोन लावते. तू त्यांना सांग, मला सांगितलंस तसंच."

तिसऱ्या दिवशी मायाला कामावरून काढलं. अमितसर अजून तिथेच आहेत. मी डोरिसच्या खिडकीत एका डबीत पडून आहे. माणसांनो, मला तुम्ही बनवलंत. मी किती सोसेन हेही तुम्हीच मोजून लिहिलंत. निदान आपलं लिहिलेलं तरी शेवटपर्यंत वाचत जा.

एकोणचाळीसपैकी एकतीस घरांनी फोन उचलला. उरलेल्या आठ घरांत माझी भावंडं आजही तापत असतील.