पुढचं बोट

मतदान संपलं तशा पोलिसांच्या गाड्या मतदान यंत्र मध्ये घेऊन जंगलाबाहेर, कोहमारा गावाकडे सुसाट निघाल्या. शाई लागलेलं बोट घेऊन बुधराम गावातच राहिला. मत दिलं तर बघून घेऊ, असा दम जंगलातल्या दादालोकांनी, नक्षल्यांनी, आधीच भरला होता. दिवस बुडायच्या आत ते आलेच. त्यांनी बुधरामला अंगणात पाडलं, त्याचा डावा हात ओंडक्यावर दाबला आणि कुडाला टेकवलेल्या त्याच्याच कुऱ्हाडीने ते बोट तोडलं. बायकोने, मंगलीने, भळभळत्या रक्तावर चुलीतली राख दाबली.

पुढच्या निवडणुकीला गाड्या दुप्पट आल्या. बुधराम रांगेत पहिला होता. शाई लावणारा साहेब थोटूक पाहून अडखळला.

"बोट कुठं गेलं?"

"मागच्या खेपेले तुमी शाई लावली, त्यायनं तोडून नेलं," बुधराम गुरकावला. "मशीनले एवढ्या बंदुका देता, माह्या बोटाले एक तरी देल्ली का?"

साहेबाने मान खाली घातली. "नियम आहे. ते बोट नसेल तर पुढच्याला लावायची."

बुधरामने हात टेबलावर आपटला.

"लावा. ते आले तं या खेपेले कुऱ्हाड माह्या हाती राहील."