कुठलाही डबा चालेल

औषधाच्या दुकानात खोकल्याची बाटली वाकून शोधावी लागते, पण तान्ह्या बाळांच्या दुधाचे डबे मात्र काचेच्या कपाटात बरोबर डोळ्यांसमोर मांडलेले असतात. प्रत्येक डब्यावर एक गुबगुबीत बाळ. आणि प्रत्येक बाळ असं हसतं की जणू त्याच्या पोटात कधी दुखलंच नाही. त्या कपाटासमोर शेडमास्तर उभा होता आणि औषधवाल्याचं डोकं खात होता.

"यातला सगळ्यात चांगला कुठला?"

"सगळेच चांगले, साहेब."

"असं कसं? एक तरी जास्त चांगला असेलच ना."

औषधवाल्याने सुस्कारा सोडला. मागे तीन माणसं हातात चिठ्ठ्या घेऊन ताटकळत होती. "हा बघा, हा मेंदूसाठी म्हणतात. हा पचायला हलका. आणि यात म्हणे हाडांसाठी जास्त घातलंय. म्हणतात हं, मी काही आत जाऊन बघितलं नाही. वहिनींना दूध कमी येतंय का?"

"हो," शेडमास्तर म्हणाला. "कमी येतंय."

आता शेडमास्तर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो रंगाच्या दुकानात रंग मिसळायच्या टेबलावर कामाला होता. गिऱ्हाईक पडद्याचा तुकडा आणो, जुन्या दाराचा टवका आणो, हा डोळे बारीक करून बघायचा, पांढऱ्या रंगात चार थेंब याचे, दोन थेंब त्याचे टाकायचा, आणि डबा घुसळून समोर ठेवायचा. शेठने रंग जुळवायचं मशीन आणलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता मास्तरची सुट्टी. पण मशीनचा रंग नेऊन परत आलेली गिऱ्हाइकं मुकाट्याने याच्याच टेबलासमोर उभी राहायची. बायकोही चिडवायची, "काय शेडमास्तर, आज मूड कुठल्या शेडचा?"

ती बायको आता नव्हती. मुलगी झाली, तिनं मुलीचं तोंड पाहिलं, "नाक तुमचं आलंय बिचारीला," म्हणून हसली, आणि मग रक्त थांबेना. दवाखान्यातल्या लोकांनी जिवाचं रान केलं. पण संध्याकाळी एका डॉक्टरने बाहेर येऊन याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हाच त्याला कळलं. मुलीला जवळ घेऊन एकदा पाजणंही तिच्या वाट्याला आलं नाही. ज्या बाईने सगळं गरोदरपण "डबे तुम्ही दुकानातच घुसळा, माझ्या बाळाला डब्याचं मिळणार नाही," असं ठणकावून सांगण्यात घालवलं, तिला तेवढीही सवड मिळाली नाही. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने म्हणावं.

मुलीला घरी सोडताना डॉक्टरबाईंनी शेडमास्तरला समोर बसवून नीट सांगितलं होतं. "नवजात बाळासाठी म्हणून लिहिलेला कुठलाही एक डबा घ्या. सगळे साधारण सारखेच असतात. पाणी उकळून घ्या, डब्यावर लिहिलंय तसं मोजून करा. काळजी करू नका." बाई भल्या होत्या, त्यांनी चुकीचं काहीच सांगितलं नाही. पण शेडमास्तरच्या घशात एकच शब्द अडकून बसला. कुठलाही. एवढी हसतीखेळती बाई गेली, आणि तिच्या जागी कुठलाही डबा चालतो? त्याच्या दुकानात साध्या भिंतीला कुणी 'कुठलाही पांढरा द्या' म्हटलं तर तो अकरा पांढरे काढून दाखवायचा.

त्याने तिन्ही डबे घेतले.

घरी सासूबाई होत्या. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून एक पिशवी घेऊन आल्या होत्या, लेकीलाच पोचवून बसल्या. त्या मुलीला ठकू म्हणत. ठकू रात्रंदिवस त्यांच्याच मांडीवर असायची. सासूबाई रडायच्या त्या न्हाणीघरात, नळ सोडून. नळ फार वेळ वाहिला की शेडमास्तर समजायचा आणि खिडकीशी जाऊन उभा राहायचा. तो स्वतः मात्र रडला नव्हता. दवाखान्यात नाही, नंतरही नाही. त्याला डब्यांचं बघायचं होतं.

"मी नेते हिला," सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विषय काढला होता. "तुम्ही कामावर जाणार. हिच्याकडे कोण बघणार?"

"मी बघीन."

"तान्हं बाळ आहे ते. रंगाचा डबा नाही, झाकण लावून ठेवायला."

"आई, मी हिला देणार नाही," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण सासूबाईंनी चमकून वर पाहिलं.

मग त्यांच्यात ठरलं. महिना भरला की डॉक्टरबाई वजन करतील. वजन नीट वाढलेलं असलं तर ठकू बापाकडे राहील आणि सासूबाई अधूनमधून येऊन जातील. नसलं तर त्या घेऊन जातील, आणि मग कुणी मध्ये पडायचं नाही.

तेव्हापासून शेडमास्तरने वजनाच्या काट्याचा ध्यास घेतला.

आता त्याने जे केलं ते कळायला त्याचं काम कळलं पाहिजे. मोठी भिंत एका डब्यात होत नाही. आणि दोन डब्यांवर एकच नंबर असला तरी आतला रंग हुबेहूब एक असेलच असं नाही. अर्धी भिंत एका डब्याने आणि अर्धी दुसऱ्याने रंगवली की ऊन पडल्यावर मधोमध जोड दिसतो आणि घरमालक शिव्या घालतो. म्हणून जाणता माणूस सगळे डबे आधी एका मोठ्या बादलीत ओततो, चांगले ढवळतो आणि मगच ब्रश बुडवतो. अर्ध्या आयुष्यात शेडमास्तरने हीच एक गोष्ट हजारदा केली होती आणि तिने त्याला कधी दगा दिला नव्हता.

दुपारी सासूबाईंचा डोळा लागला होता. त्याने स्वयंपाकघरात एक मोठा स्टीलचा डबा धुऊन, उकळत्या पाण्याने विसळून, कोरडा केला. त्यात तिन्ही डबे रिकामे केले. मेंदूचं, पोटाचं, हाडांचं, कुणातलं काही राहून जायला नको. लाकडी उलथनं तळापर्यंत घालून इतकं एकजीव केलं की कुठली पावडर कुठली ते कुणाच्या बापाला ओळखता आलं नसतं. तीन डब्यांतून तीन चमचे निघाले, लहानमोठे. त्यातला मोठा त्याने ठेवला. पाणी किती घ्यायचं ते ज्या डब्यावर ठळक लिहिलं होतं त्यावरून लक्षात ठेवलं. तो डबा लहान चमच्याचा होता. वर आणखी, चमचा तो सपाट करायचा नाही. शीग लावून भरायचा. आई नसलेल्या पोरीला कशाला हात आखडता घ्यायचा?

सुरुवातीला ठकू गाढ झोपायला लागली. "बघा," तो म्हणाला, "लागतंय तिला." सासूबाईंना रिकामे डबे दिसले, स्टीलचा डबा दिसला, पण पावडर मोठ्या डब्यात काढून ठेवलीय एवढंच त्यांना वाटलं. बाटली तोच करायचा. दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही.

मग ठकू कुंथायला लागली. मग किरकिरायला लागली, आणि तिची किरकिर भुकेची समजून त्याने आणखी बाटल्या केल्या. एका सकाळी सासूबाईंनी लंगोट बदलायला घेतला आणि थांबल्या.

"कोरडा आहे. मघाचाही कोरडाच होता."

ठकूचे ओठ चिकट झाले होते. टाळू खोल गेली होती. सासूबाईंनी गालाला बोट लावलं, तर तिने डोळे उघडले आणि पुन्हा मिटून घेतले, एखाद्या थकल्याभागल्या म्हातारीसारखे. शेडमास्तरच्या तोंडचं पाणी पळालं. मुलीला छातीशी धरून तो जिन्यावरून उतरला तेव्हा त्याच्या एकाच पायात चप्पल होती. सासूबाई दुसरी हातात घेऊन मागून धावत होत्या.

दवाखान्यात त्या इवल्याशा हाताची शीर सापडेना. शेवटी पायाला सुई लावली. सलाईन सुरू झाल्यावर डॉक्टरबाई वळल्या.

"काय देताय हिला?"

शेडमास्तर सांगायला लागला. अगदी तपशिलाने, गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तसा. तीन डबे, मोठा डबा, एकजीव केलं, चमचा मोठा घेतला, वर शीग... बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. डॉक्टरबाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्याला अर्ध्यातच सगळं समजलं, पण सुरू केलेलं वाक्य त्याने पुरं केलं.

"तिन्ही एकत्र?" बाई म्हणाल्या. "अहो, प्रत्येकाचा चमचा वेगळा, पाणी वेगळं! किती घट्ट पाजलंत तुम्ही हिला! ते बाहेर टाकण्यातच हिच्या एवढ्याशा अंगातलं पाणी संपलं. आणखी एक दिवस गेला असता तर..." त्यांनी पुढचं गिळलं. "का केलंत असं? मी सांगितलं होतं ना, कुठलाही एक चालेल म्हणून?"

"कुठलाही कसा चालेल?"

हे तो इतक्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या खाटांवरच्या आया आपापल्या बाळांना धरून बसल्या.

"कुठलाही कसा चालेल, बाई? हिची आई गेलीय! मेलीय ती! तिच्या बदल्यात देतोय मी हे. कुठलाही कसा चालेल?"

इतक्या दिवसांत 'मेली' हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडला होता. औषधवाल्याला नाही, शेठला नाही, कुणालाच त्याने तो नीट सांगितला नव्हता. दुकानात सगळ्यांना माहीत होतं, पण ते त्याच्याकडून कळलेलं नव्हतं.

डॉक्टरबाई अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही जे शोधताय ना, ते कुठल्याच डब्यात नाहीये हो. म्हणून म्हटलं कुठलाही. पोट भरतं त्याने. तेवढंच होतं."

ठकू वाचली. पोरं चिवट असतात. दुसऱ्या दिवशी लंगोट ओला झाला तेव्हा सासूबाईंनी तो सगळ्या वॉर्डाला दाखवला, आणि एका आईने हसून हातही जोडले. शेडमास्तर मात्र खाटेच्या पायथ्याशी बसून होता. महिना भरायची वाट बघायची आता गरजच उरली नव्हती. कोण जिंकलं आणि कोण हरलं ते पायाला लावलेल्या सुईत दिसत होतं.

घरी परतताना तो औषधाच्या दुकानात शिरला. कपाटासमोर उभा राहिला नाही. "बाळाच्या दुधाचा एक डबा द्या," एवढंच म्हणाला.

"कुठला?"

"हाताशी येईल तो."

घरी आल्यावर त्याने डबा ओट्यावर ठेवला आणि सासूबाईंसमोर उभा राहिला. "आई, तुम्ही घेऊन जा तिला. माझ्या हातून मेली असती."

"पाणी ठेवा उकळायला," सासूबाई म्हणाल्या.

त्याने पाणी ठेवलं. निवू दिलं, मोजून बाटलीत ओतलं. डब्यावरचं अक्षर न् अक्षर वाचलं. त्याच डब्यातला चमचा भरला आणि सुरीच्या पाठीने सपाट केला. पहिला चमचा सांडला. त्याने दुसरा भरला. सासूबाईंनी ठकूला उचलून त्याच्याच मांडीवर दिलं.

ठकू प्यायली. चुळुकचुळुक आवाज करत, मुठी आवळून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. एकदाही तोंड फिरवलं नाही, कुणाला शोधलं नाही. बाटली संपल्यावर ओठ तसेच हलत राहिले आणि ती झोपी गेली.

"आई, हिला काहीच कमी वाटत नाही हो," तो म्हणाला. "काहीच नाही."

"कसं वाटेल?" सासूबाई म्हणाल्या. "तिला माहीतच नाही काय गेलं ते. आपल्या दोघांनाच माहीत आहे."

सासूबाई उठल्या आणि आपले कपडे पिशवीत भरायला लागल्या. फक्त आपलेच. ठकूचं दुपटं त्यांनी घडी करून त्याच्या शेजारी ठेवलं.

"आई?"

"मी नाही नेत. रागाने म्हणत होते इतके दिवस. माझ्या लेकीसाठी तुमच्या डोळ्यातून टिपूस नाही आलं, बाजारातून डबे आणत सुटलात, मला वाटलं या माणसाला काही झालंच नाही." त्यांनी पिशवीचे बंद बांधले, सोडले, पुन्हा बांधले. "परवा तुम्ही दवाखान्यात ओरडलात तेव्हा कळलं. माझ्याकडे तिचं अख्खं लहानपण आहे, जावईबापू. रांगणं, पडणं, शाळा, रुसणं, सगळं. तुमच्याकडे ही एवढीच आहे. ही मी कशी नेऊ?"

तो ठकूकडे बघत राहिला.

"शेजारच्या काकूंना सांगितलंय, तुम्ही कामावर गेलात की त्या बघतील. रविवारी मी येईन," सासूबाई म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि तिथेच, पाठमोऱ्या, थांबल्या. "एक सांगू? मोठी झाली की ही विचारेल. पोरी विचारतात. तेव्हा सांगा, आईने तुला एकदा पाजलं होतं म्हणून. खोटं असलं तरी सांगा. माझ्या लेकीला फार हौस होती हो त्याची."

शेडमास्तरने मान हलवली, पण त्या पाठमोऱ्या होत्या, त्यांना दिसली नसती. म्हणून त्याला बोलावं लागलं.

"एकदा कशाला, आई," तो म्हणाला, "पोटभर पाजलं होतं म्हणून सांगेन."

आणि मग तो रडायला लागला. मांडीवरची मुलगी उठू नये म्हणून तोंडावर हात दाबून, सगळं अंग हलवत रडायला लागला. सासूबाई मागे वळल्या, पिशवी तिथेच दारात टाकली, आणि त्याच्या शेजारी जमिनीवर येऊन बसल्या.