फळीएवढं हिरवं

गोल्फच्या मैदानाची सगळी देखभाल मुलीच्या हाती आली, त्या पहिल्याच हिवाळ्यात तिने माझ्या पुस्तकांच्या कपाटातली एक फळी मागितली.

"कशाला?"

"फवारताना मैदानावर ठेवायला. फळीखालचं तण मुद्दाम राखायचंय."

"तण मारायला जाणार, आणि त्यातलंच थोडं सांभाळणार?"

"नाहीतर औषधाने मेलं की आपणहून, हे कसं कळणार, बाबा?"

बायकोने माझे शब्दकोश उचलून खुर्चीवर ठेवले. "ने गं बाई. तेवढीच धूळ कमी."

थंडीत मैदानातलं गवत झोपतं. वरून सगळं वाळून तपकिरी, आणि त्यात तण मात्र हिरवंगार, मोठ्या मिजाशीत उभं. अशा वेळी फवारलं तर औषध फक्त जाग्या तणाला लागतं. पण गवताच्या बुंध्याशी जरा जरी हिरवं उरलं असेल, तर तेही जातं. म्हणून मुलगी गुडघ्यांवर बसून, ठिकठिकाणी गवत बाजूला सारून पाहत होती. मीही वाकलो. मला सगळं सारखंच दिसलं.

फवारून बरेच दिवस झाले, तरी तण जसंच्या तसं. एकदा मी तिचा डबा घेऊन गेलो, तर क्लबचे सेक्रेटरी अवजारांच्या खोलीच्या दारात उभे.

"बाई, तुमचं औषध म्हणजे निव्वळ पाणी निघालं. उद्या दुसरा हात मारा. नाहीतर तुमच्या जागी दुसरं कुणीतरी बघतो."

"थंडीत औषध सावकाश भिनतं, साहेब. आता ऊन वाढतंय, गवत जागं होईल. पुन्हा फवारलं तर तेही मरेल, आणि क्लबच्या स्पर्धेत ऐन वेळी मैदानाला टक्कल पडेल."

"आणि तण नाहीच मेलं तर?"

"तर या खोलीच्या किल्ल्या तुमच्या टेबलावर ठेवीन. पण पुन्हा फवारणार नाही."

सेक्रेटरी गेल्यावर मी हळूच म्हणालो, "जरा नमतं घेतलं असतंस तर?"

"बाबा, डब्यात काय आहे?"

पुढच्या आठवड्यात तण पिवळं पडलं, मग आडवं झालं. मी डबा घेऊन पोचलो, तेव्हा सेक्रेटरी मैदानाच्या मधोमध उभे राहून हाका मारत होते.

"अहो बाई, हे बघा! एवढाच तुकडा कसा छान हिरवा! सगळीकडे असं का नाही जमलं?"

"साहेब, ते तण आहे," मुलगी हसू दाबत म्हणाली. "तिथे बाबांची फळी होती."

सेक्रेटरींनी त्या लांबट हिरव्या पट्ट्याकडे पाहिलं, मग भोवतालच्या तपकिरी मैदानाकडे. टोपी काढून डोकं खाजवलं.

"म्हणजे फवारलं नसतं तर सगळं असंच राहिलं असतं?"

"हो."

"बरं. किल्ल्या असू द्या तुमच्याकडेच. पण तेवढं मारून टाका."

"मारत नाही, उपटते. चला बाबा, बसा खाली."

मी बसलो, तण उपटू लागलो. एका ठिकाणी वाळलेलं गवत बाजूला झालं आणि बुंध्याशी बारीक हिरवे कोंब दिसले. माझ्यासुद्धा डोळ्यांना दिसतील इतके स्पष्ट. मी सेक्रेटरींना हाक मारली आणि बोटाने दाखवले.