दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव

"लईच गोड बोलतो हा मानूस. इतक्या गोड बोलनाऱ्याले मी बागेतला केळीचा एक घड देनार नाही," जीवरामनाना झोक्यावरून पुटपुटले. शेजारी मेथी निवडत बसलेल्या शेवंताबाईंना ऐकू जाईल, एवढ्याच आवाजात.

हा गोड माणूस होता न्यूझीलंडात भाड्यानं गाड्या देणारा, मूळचा आपल्याच देशातला. आत्ताच हितेंद्रनं त्याला फोन लावून दिला होता. नानांनी आपल्या फैजपुरी हिंदीत चार प्रश्न विचारले, त्यानं चारही वेळा "बिलकुल अंकलजी" म्हटलं, आणि नानांनी त्याला यादीतून उडवला.

लेक मोहिनी क्राइस्टचर्चला राहत होती. दिवाळी झाली की नाना, शेवंताबाई, मुलगा हितेंद्र आणि सून ज्योत्स्ना असे चौघं तिच्याकडे जाणार होते. तिथून मोहिनी, जावई आणि नातीला घेऊन आठवडाभर डोंगर-तळी हिंडायचं, म्हणून सगळे मावतील अशी मोठी गाडी हवी होती. तिकिटं आली त्याच दिवशी नानांनी जाहीर केलं, "गाडी मी चालवीन. तिथंबी आपल्यासारखंच डाव्या अंगानं चालवतात."

यावर घरात कुणी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सगळे मिळून कंपनी शोधायला लागले.

नानांची साखर डोळ्यांत उतरली होती. जळगावच्या डॉक्टरांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, "नाना, आता गाडी सोडा." नानांनी फी दिली, नमस्कार केला, आणि दुसऱ्या दिवशी बोलेरो काढून शेवंताबाईंना सावद्याच्या बाजाराला घेऊन निघाले. वाटेत केळ्यांनी भरलेल्या एका ट्रॉलीला मागून गाडी जाऊन भिडायचीच काय ती राहिली. तेव्हा शेवंताबाईंचं जे तोंड सुटलं, ते पुन्हा मिटलं नाही.

"म्होरं ट्रॉली हाये. डाव्या हातले बकऱ्या. आता टपरीजवळचा खड्डा. थांबा, म्हातारी आडवी चालली."

मागे बसणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं, बाई फार बोलते. आयुष्यभर बायकोचं एक न ऐकलेला माणूस गाडीत मात्र तिचा शब्द न् शब्द ऐकायचा. ट्रॉली म्हटलं की ब्रेक, बकऱ्या म्हटलं की उजवीकडे. शेवंताबाईंना त्याचं सुख वाटायचं, आणि त्या सुखाची लाजही. घरी उतरल्यावर नाना म्हणायचे, "काय बडबड करते गं तू." त्याही म्हणायच्या, "सवय हाये मले." बस्स. हितेंद्र आणि ज्योत्स्ना दोघांनाही सगळं कळत होतं, पण तेही बोलत नव्हते. नानांची बाग आता हितेंद्र बघायचा, हिशोब ज्योत्स्ना बघायची. एक गाडीचं चाक तेवढं नानांच्या हातात उरलं होतं. पण परदेशातल्या घाटात, मागच्या सीटवर नात, हे मनात आलं की शेवंताबाई निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घ्यायच्या.

हितेंद्रनं आपल्या परीनं खटपट केली. म्हाताऱ्या ड्रायव्हरला गाडीच न देणारी एखादी कंपनी सापडावी, म्हणजे आपल्याला बोलायला नको, असा त्याचा बेत. तशी सापडेना, म्हणून तो जी सापडेल तिच्यात खोड काढायचा.

"नाना, परत करताना जुना ओरखडासुद्धा आपल्या माथी मारतात म्हणे."

"घेताना चारी बाजूनं व्हिडिओ काढाचा. त्याचा मानूस समोर उभा पाह्यजे. घड कापायच्या आधी मी काढत नव्हतो का? ट्रक गेला, की मंग व्यापाऱ्याले आठवतं, माल डागी होता."

"लोकांनी शिव्याही लिहिल्यात."

"मंग शिव्याच वाच. चांगलं तं कोनीबी लिहीते. शिवी देल्यावर मालकानं काय उत्तर देल्लं, ते मले सांग."

हितेंद्रनं वाचून दाखवलं. कुणाची तरी पुढची काच दगड लागून फुटली होती. मालकानं कोरडं उत्तर दिलं होतं: काच आणि टायर विम्यात येत नाहीत, हे गाडी देतानाच सांगितलं होतं, तुम्ही सही केली होती.

नाना झोक्यावर ताठ बसले. "हा मानूस खरा. काय देनार नाही, ते आधीच सांगतो."

तरी त्यांनी सावद्याच्या पितांबरला फोन केला. पितांबरचा जावई तिकडेच होता, त्यानं याच कंपनीची गाडी घेतली होती. मालक कुठला, स्वभाव कसा, फोन लगेच उचलतो का, सगळं विचारून झालं.

"मुलगी द्यायची असती तरी इतकी चौकशी केली नसती नानांनी," ज्योत्स्ना आतून म्हणाली.

"मोहिनीच्या टायमाले केली असती, तं ती इतकी लांब गेली असती का?" नाना म्हणाले.

हितेंद्रनं शेवटचा उपाय म्हणून त्या कोरड्या माणसाला फोन लावला आणि मुद्दाम विचारलं, वयाची काही अट आहे का? तो म्हणाला, "लायसन चाहिए, बस." हितेंद्रचा चेहरा पडला. नाना हसले.

चहा झाला. लॅपटॉप मांडीवर घेऊन हितेंद्र एकेक रकाना भरत गेला आणि एका जागी थांबला.

"काय झालं?" नाना म्हणाले.

"ड्रायव्हरचं नाव विचारतात."

"मंग लिही की. जीवराम."

हितेंद्रनं लिहिलं, अगदी हळू. ज्योत्स्ना रिकामे कप उचलायला आली आणि कप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"दुसऱ्या ड्रायव्हरचं पण नाव देता येतं, नाना. माझं टाकू?"

"काबर? उगी जादा पैसे."

शेवंताबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "टाक. पन तुहं नको. माहं टाक."

सगळे हसले. नाना सर्वांत मोठ्यानं. "तुले सायकल येत नाही."

"सायकल नाही येत. पन डॉक्टरकडून आल्यापासून तुमची गाडी मीच चालवते." त्यांनी पदरानं हात पुसले आणि नानांकडे वळून बसल्या. "इथला खड्डा न् खड्डा मले पाठ हाये. तिथल्या पाट्या मले वाचता येत नाहीत, अन् तुमाले दिसत नाहीत."