डाव्या बाजूचा पाटा

"अजून बोटभर वर," गाडीमागे उकिडवा बसलेला ड्रायव्हर म्हणाला.

"काका, आता वर घेतली तर नाक खुपसून चालेल हो ही," गाडीखालून मिस्त्रीचा आवाज आला.

गॅरेजच्या पत्र्यातल्या भोकांतून उतरलेलं ऊन त्या जुन्या, दुधी रंगाच्या गाडीवर विरघळत होतं. कित्येक वर्षं ती मागून डावीकडे कललेली होती. झोपेत एखाद्याचा खांदा उतरावा तशी. गाडीच्या मालकीण डॉक्टरीणबाई मागे डावीकडेच बसत. अंगानं भरदार, हातात जड बॅग. त्या बसल्या की गाडी हलकासा उसासा टाकी आणि ड्रायव्हर मागे न पाहताच निघे. बाई गेल्या. जाताना गाडी त्याच्या नावे करून गेल्या. आता प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट घासत होतं, म्हणून त्यानं तिला इथे आणलं होतं. मिस्त्रीनं मागच्या स्प्रिंगचे सपाट झालेले पाटे तापवून पुन्हा कमानीसारखे वळवले होते आणि ड्रायव्हरच्या हट्टाखातर डावीकडे एक पाटा जादा घातला होता.

दाराशी स्टुलावर त्याची बायको बसली होती. "इतकी वर्षं ही सवत लांबूनच बघितली," ती मिस्त्रीला म्हणाली. "आज तिचं पोट उघडलेलं बघायला मिळालं."

मिस्त्री हसला. ड्रायव्हर हसला नाही. मालकाच्या गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही, हा नियम त्याचा स्वतःचा होता. बाईंनी कितीदा सांगूनही त्यानं तो मोडला नव्हता. एकदा भर उन्हात बायको पिशव्या सावरत चालली होती आणि त्याची रिकामी गाडी तिच्या शेजारून गेली होती. त्याला अवघड वाटू नये म्हणून मान तिनंच वळवली होती.

मिस्त्री हात पुसत बाहेर आला. "आता माणसं बसवा. रिकाम्या गाडीची उंची मी धरत नाही. रोज जे बसणार, ते बसल्यावर गाडी सरळ दिसली पाहिजे."

ड्रायव्हरनं कोपऱ्यातलं वाळूचं पोतं उचलून मागच्या डाव्या सीटवर ठेवलं. मग दुसरं. दुसऱ्यातली थोडी वाळू काढली. मागे सरून, डोळे बारीक करून पाहिलं. गाडी सावकाश खाली बसली, अगदी सरळ. त्याचा चेहरा निवळला.

"आता बरोबर. अशाच बसायच्या त्या."

"काका," मिस्त्री म्हणाला, "जे बसणार, असं म्हटलं मी."

"आणि मी कुठे बसू?" बायकोनं विचारलं. त्यात तक्रार नव्हती. अनोळखी घरात चपला कुठे काढायच्या हे विचारावं, तसं तिनं विचारलं.

ड्रायव्हर पोत्यावर हात ठेवून उभा राहिला. हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नव्हता. मग त्यानं दोन्ही पोती एकेक करून, झोपलेलं मूल उचलावं तशी, बाहेर काढली. गाडीची डावी बाजू उसळून वेडीवाकडी वर आली.

"तो जादा पाटा काढा."

"नक्की?"

"काढा म्हटलं ना."

पाटा निघाला, तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं.

"बस मागे. ऐसपैस बस," तो बायकोला म्हणाला.

"मागे नको. तिथून तुमची पाठ दिसणार. ती रोज सकाळी दारातून बघत आलेय मी."

ती पुढे, त्याच्या शेजारी बसली. दार तिसऱ्या खेपेला लागलं.

"हळू गं! कपाट आहे का ते?"

"मग शिकवायचं होतं आधी."

मिस्त्रीनं वाकून दोन्ही बाजू पाहिल्या आणि मान डोलावली.

परतताना रस्ता पाण्याखालून दिसावा तसा मऊ वाटत होता. गतिरोधक येत होते, जात होते. कुठेच काही घासलं नाही. घराशी गाडी थांबताच ड्रायव्हर उतरला, वळसा घालून डाव्या अंगाला आला आणि त्यानं मागचं दार उघडलं. दार धरून, नजर खाली ठेवून, तो तसाच उभा राहिला.

बायकोनं त्याला हाक मारली नाही. मांडीवर हात ठेवून ती समोर पाहत बसून राहिली. मागून कुणी तरी सावकाश उतरत असावं आणि त्यांना वेळ लागणार असावा, तशी.